सोनं नसलेलं सोनेरी

इराणमधल्या काशान शहरात बाराव्या-तेराव्या शतकात घडलेल्या थाळ्या, सुरया आणि भिंतीवरच्या फरशा सोन्यासारख्या झळाळतात. सोनं मात्र त्यांत गुंजभरही नाही. ती झळाळी चांदीची आणि तांब्याची, आणि ती आणली धुराने.

आधी भांडं. त्याच्या मातीत मातीच कमी: १० भाग गारगोटीची पूड, १ भाग काचेची भुकटी आणि १ भाग पांढरी चिकणमाती. हे प्रमाण १३०१ च्या सुमारास अबुल कासिम काशानीने लिहून ठेवलं. तो मंगोल दरबारातला इतिहासकार, पण घराणं काशानच्या नामांकित कुंभारांचं. नाहीतर घरची विद्या कागदावर कोण उतरवतं? भांड्यावर कथिल मिसळलेली पांढरी झिलई देऊन ते भाजायचं. इथवर काम नेहमीचंच.

आता रंग. अबुल कासिमच्या यादीत हरताळ, मनशीळ, सोनमाखी, रूपमाखी, भाजलेलं तांबं; जणू वैद्याचं फडताळच उघडलंय. (आपण एखाद्या गोष्टीवर हरताळ फासतो ती पुसण्यासाठी, इथे तो नक्षी उमटवायच्या कामी येतो.) त्यात भाजून कुटलेली चांदी घालायची, सगळं द्राक्षाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये खलायचं आणि भाजलेल्या झिलईवर कुंचल्याने नक्षी काढायची. या वेळी ती दिसते मळकट, मातकट.

मग दुसरी भट्टी, आणि सगळी मेख इथेच आहे. आच पहिलीपेक्षा बरीच कमी, साधारण ६०० अंश सेल्सिअस: झिलई जरा मऊ व्हावी, पण ओघळू नये. चांदी-तांब्याचे आयन झिलईतल्या सोडियम-पोटॅशियमची जागा घेत आत शिरतात. भट्टीत हवा कोंडून धूर केलेला असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनसाठी हपापलेला. तो धातूच्या संयुगांतला ऑक्सिजन ओढून घेतो. उरतो निव्वळ धातू, काही नॅनोमीटरच्या कणांत, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थरात. अबुल कासिम ७२ तास मंद धूर द्यायला सांगतो. धूर कमी पडला तर चमक येत नाही, आच वाढली तर नक्षी बिघडते.

भट्टी निवली की भांडी काढून ओल्या मातीने घासायची. वरची काजळी-राख निघते आणि खालून सोनेरी रंग वर येतो.

काशानच्या मैदान मशिदीचा अशाच फरशांचा १२२६ चा मिहराब, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा, आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. अशी फरशी समोरून पाहिली तर तपकिरी वाटते. दोन पावलं बाजूला सरकलं की पेटते.