वसतिगृहाची खोली लावताना

बारावीचे निकाल लागले, की आपल्या भागातील मुले-मुली शिक्षणासाठी मोठ्या शहरांकडे निघतात. फी आणि डिपॉझिट भरतानाच पालकांच्या नाकी नऊ येतात. मग खोलीचे सामान जमेल तिथून गोळा केले जाते. त्यात गैर काही नाही. मात्र कोणती वस्तू जुनी चालते आणि कोणती स्वतःचीच हवी, हे ठाऊक नसेल तर वाचवलेला पैसा औषधावर जातो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत एक विद्यार्थी वडिलांबरोबर माझ्याकडे आला. पुण्यात कॉट बेसिसवर चौघांच्या खोलीत राहत होता. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेभोवती पुरळ आणि रात्री असह्य खाज. झोप नाही, त्यामुळे अभ्यासही नाही. लाजेपोटी त्याने महिनाभर कोणालाच सांगितले नव्हते. ही खरूज होती. वडील म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, फुकटात मिळालेली ती जुनी गादीच बाधली.’’

मी मलम दिले. महिन्याभरात मुलगा पुन्हा तेच घेऊन हजर! चूक माझीही होती. खोलीतल्या इतर मुलांची मी चौकशीच केली नव्हती. खर्च नको म्हणून दोघांत एक पांघरूण आणि एकच टॉवेल वापरत होते. चौघांनी एकाच दिवशी औषध लावले, तेव्हा कुठे रोग गेला.

गादीवरचा आळ मात्र खोटा होता. ती मे महिन्याची सुटीभर बंद खोलीत पडून होती. खरजेचा सूक्ष्म किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो. तो मुख्यतः एकमेकांच्या अंगाच्या निकट स्पर्शाने आणि काही वेळा सामायिक कपड्यांतून पसरतो. पहिल्या वेळी खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणून खाज नसलेल्या सोबत्यांनीही औषध घ्यायचे असते. घरच्यांनाही हाच नियम. मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे. वापरलेले कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. जे धुता येत नाही, ते आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवावे.

तरीही जुनी गादी घेऊ नका, असेच मी सांगेन. कारण ढेकूण! तो रक्तावाचून कित्येक महिने तग धरतो आणि गादीच्या शिवणीत लपून बसतो. ढेकणामुळे रोग पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही, पण झोपेचे खोबरे होते. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. अंथरुणावर कीटकनाशक फवारणे तर धोक्याचेच.

मग स्वस्तात काय करावे? लोखंडी खाट, टेबल, खुर्ची, बादली या वस्तू खुशाल जुन्या घ्या. खाटेच्या सांध्यांवर उकळते पाणी जपून ओता, घासून पुसून घ्या. गादीऐवजी घरच्या दोन जाड गोधड्या द्या. जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी गरम पाण्यात धुता येते, उन्हात वाळते. गादीचे तसे नाही. चादर, पांघरूण, उशी आणि दोन पंचे मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र हवेत. टॉवेलपेक्षा पंचा स्वस्त आणि लवकर सुकणारा.

उरलेल्या पैशांतून पहिली खरेदी मच्छरदाणीची करा. हिवतापाचा डास रात्री चावतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून बादली आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी. पडदे, आरसे, शोभेच्या वस्तू नंतर पाहता येतील.

पालकांना एकच विनंती. मुलाचा फोन आला की मार्कांबरोबर ‘‘झोप नीट लागते ना?’’ हेही विचारा. खरूज म्हणजे घाणेरडेपणा नव्हे. ती कोणालाही होते. हे मुलांना आधीच सांगून ठेवले, तर ती महिनाभर लपवणार नाहीत.