पिकअपचा टायर आणि पासिंगचा हिशेब

महाराष्ट्रात शेतमाल, दूध, कोंबडीखाद्य आणि बांधकामाचे साहित्य यांची जवळपासची वाहतूक मोठ्या प्रमाणावर पिकअपच्या जिवावर चालते, आणि या गाडीच्या चालू खर्चात डिझेलपाठोपाठ मालकाला जी बाब टोचते ती टायरची असते. कंपनीतून गाडीबरोबर आलेले टायर झिजले, किंवा झिजण्याआधीच मनातून उतरले, की दुकानात एकच मागणी होते: यापेक्षा भारी टायर दाखवा. मात्र तो कशाला भारी हवा, वजनाला, चिखलाला, पावसातल्या पकडीला की मायलेजला, हे ठरवल्यावाचून केलेली खरेदी बहुधा फसते, कारण टायरमध्ये या चारांपैकी एक गुण वाढवला की दुसरा कोणता तरी थोडाफार घटतोच.

कंपनीचा टायर निकृष्टच असतो, हा समज सरसकट खरा नाही. तीच गाडी कोकणातल्या आंबेवाल्यालाही विकायची असते आणि विदर्भातल्या कापूस व्यापाऱ्यालाही, त्यामुळे निर्माता जो टायर निवडतो तो कोणाचेच फार अडणार नाही अशा बेताचा असतो; शिवाय मायलेजचा आकडा चांगला दिसावा म्हणून रोलिंग रेझिस्टन्स कमी असलेल्या टायरकडे त्याचा कल राहतो. रोलिंग रेझिस्टन्स म्हणजे फिरताना टायरचे रबर सतत दबते आणि उठते त्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा. ती कमी ठेवली तर डिझेल वाचते, परंतु जुन्या पद्धतीच्या रबर मिश्रणांत या बचतीची किंमत ओल्या रस्त्यावरच्या पकडीत मोजावी लागे. १९९० च्या दशकात मिशेलिन या फ्रेंच कंपनीने रबरातील काजळीचा बराच भाग हटवून त्याजागी सिलिका वापरण्याचे तंत्र रुळवल्यापासून हा पेच सैल झाला, पण पुरता सुटला नाही.

बदलाचा विचार सुरू करण्याची जागा म्हणजे टायरची कड, अर्थात साइडवॉल. तिच्यावर २१५/७५ आर १५ असे माप असेल, तर टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंचांची, असा त्याचा अर्थ होतो. या हिशेबाने टायरचा पूर्ण व्यास साधारण ७०३ मिलिमीटर भरतो. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून त्याच रिमवर २३५/७५ आर १५ चढवला तर व्यास ७३३ मिलिमीटरवर जातो आणि गाडी जमिनीपासून १५ मिलिमीटर उचलली जाते, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात चार टक्के अंतर जास्त कापले जात असल्याने स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ८३ च्या वेगाने धावते, किलोमीटर कमी नोंदले जातात आणि भरलेल्या गाडीला घाटात आधीच्या गिअरवर ओढ कमी पडते. पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर रुंद टायर मडगार्डला किंवा आतल्या बाजूला घासतो का, हे तर चढवून पाहिल्याशिवाय कळतही नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि मालवाहू वाहनाच्या नोंदणीत टायरचे माप हाही एक तपशील असतो. सुधारणा करायची ती माप तेच ठेवून, हा मार्ग म्हणूनच सर्वांत कमी भानगडीचा आहे.

माप तेच ठेवूनही टायर-टायरमध्ये मोठा फरक असतो, आणि तो मापाच्या पुढे छापलेल्या, सहसा कोणी न वाचलेल्या आकड्यात दडलेला असतो. हा आकडा म्हणजे भार निर्देशांक: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, ११४ म्हणजे १,१८० किलो, अशी जगभर एकच कोष्टकबद्ध भाषा त्यामागे आहे. दुकानात मात्र व्यवहार ‘प्लाय’च्या बोलीत चालतो. पूर्वी टायरच्या सांगाड्यात सुती कापडाचे जितके थर असत तितक्या प्लायचा तो टायर म्हटला जाई. आता सांगाडा नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पोलादी तारांचा असल्याने आठ प्लायच्या टायरमध्ये आठ थर नसतात, तर जुन्या आठ थरांइतकी ताकद त्यात आहे एवढेच हा आकडा सांगतो. भरलेल्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर २,००० किलो येत असतील, तर मागच्या प्रत्येक टायरवर १,००० किलो पडतात आणि १०८ निर्देशांकाचा टायर तेवढ्यावरच काठोकाठ भरतो. त्यावर कांद्याच्या गोण्यांचे आणखी ५०० किलो रचले आणि त्यांपैकी ४०० मागे गेले, तर प्रत्येक टायरवर १,२०० किलो होतात, म्हणजे ११४ निर्देशांकाचा टायरही अपुरा पडतो.

याच टप्प्यावर मोठी गफलत होते. पाटे वाढवले, जास्त प्लायचे टायर बसवले, आता गाडी अडीच टन ओढते, असे सर्रास बोलले जाते. पण आरसी बुकात नोंदलेले पासिंग हे ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, चॅसी आणि रिम या सर्वांच्या एकत्रित क्षमतेवरून ठरलेले असते, आणि त्यांतला एकच दुवा मजबूत केल्याने बाकीचे मजबूत होत नाहीत. जादा भार निर्देशांकाचा खरा उपयोग पासिंगइतकाच माल भरून टायरला सवड मिळवून देण्यात आहे, म्हणजे तो कमी तापतो, खड्ड्यात कडेला कट लागण्याची किंवा फुगवटा येण्याची शक्यता घटते आणि नक्षी जास्त काळ टिकते. त्याची किंमत रिकाम्या फेरीत मोजावी लागते, कारण कडक सांगाड्याच्या टायरची गाडी रिकामी असताना उधळते.

तसे पाहिले तर वजन टायर उचलत नाही, त्यातली हवा उचलते; सांगाडा फक्त ती हवा कोंडून ठेवतो. भार निर्देशांकात सांगितलेले वजन ठरावीक दाबालाच लागू असते, त्यामुळे जास्त प्लायचा टायर घेऊन त्यात जुन्याच सवयीने कमी हवा भरली, तर पैसे खर्च करूनही क्षमता पुरती हाती येत नाही. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, हा चालकांमधला सल्ला तर नेमका उलटा आहे. तापमान १० अंशांनी वाढले तर पिकअपच्या टायरमधला दाब साधारण दोन-अडीच पीएसआयने वाढतो आणि ही वाढ टायरच्या रचनेत आधीच धरलेली असते. उलट हवा कमी असली की कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तापल्याने रबर व सांगाडा यांची पकड सुटू लागते. मुंबई ते नागपूर अशा ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांचा दोष काँक्रीटला देण्याची रीत पडली आहे, पण तासन्‌तास न थांबता टिकणारा वेग, कमी हवा आणि गोटा झालेले टायर हे तिघे एकत्र आल्यावर रस्ता डांबराचा असता तरी फार निराळे घडले नसते. परिवहन विभागाने या मार्गाच्या तोंडाशी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवण्याची मोहीम घेतली, ती याच कारणाने. हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी निघण्यापूर्वी मोजायची असते.

नक्षीची निवड मात्र रस्त्यावर सोडावी. उभ्या सरळ खोबणींची रिब नक्षी डांबरावर शांत चालते, स्टिअरिंगला हलकी पडते आणि मायलेज राखते. आडव्या जाड ठोकळ्यांची लग नक्षी शेतातल्या चिखलात आणि खडीच्या रस्त्यावर पकड धरते, पण डांबरावर आवाज करते, लवकर झिजते आणि रबराचा कमी भाग रस्त्याला टेकत असल्याने ओल्या डांबरावर तितकी भरवशाची राहत नाही. ज्या गाडीच्या महिन्याभराच्या धावेत शेतातला रस्ता जेमतेम दोन-चार किलोमीटरचा आहे, तिला चारही चाकांवर दांडगी नक्षी लावणे हा हौसेचा भाग झाला. त्यात पावसाळ्यात पिकअपचा धोका भरलेल्या गाडीपेक्षा रिकाम्या गाडीला वेगळ्याच वाटेने येतो: माल टाकून परतताना मागचा भाग हलका आणि पाटे ताठ असतात, त्यामुळे आंबा घाटासारख्या वळणांच्या उतारावर ब्रेक दाबताच गाडी मागून सरकते. फक्त दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत, असे सांगतात ते यासाठीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी आणि खोबणीच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे ती मर्यादा दाखवतात, पण पाणी बाहेर फेकण्याची खोबणीची ताकद त्याच्या बरीच आधी ओसरलेली असते.

गाडी टायर खात असेल, तर कारण शोधल्याखेरीज नवे टायर चढवू नयेत. जुन्या टायरवर हात फिरवला तरी ते समजते: फक्त मधली नक्षी गेली असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडा गेल्या असतील तर कमी होती, आणि एकच कड गेली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडले आहे किंवा पुढच्या चाकांचे जोड सैल झाले आहेत. दुकानात टायर उतरवून घेताना साइडवॉलवरचे चार अंकही पाहावेत. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. एकाच ॲक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला जुन्या बांधणीचा, बोलीत ‘नायलॉन’ म्हणतात तो, अशी जोडी कधीही लावू नये, कारण दोघांची कड वेगवेगळी वाकते आणि वळणावर गाडी एका अंगाला ओढली जाते.

हिशेबात स्टेपनी नेहमी विसरली जाते. चारही टायर मोठ्या मापाचे करून पाचवा जुन्याच मापाचा ठेवला आणि तो मागे लावण्याची वेळ आली, तर ७३३ आणि ७०३ मिलिमीटरची दोन चाके एकाच ॲक्सलवर येतात आणि एरवी वळणावरच कामाला लागणारे डिफरन्शियलचे गिअर सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहून तापतात. अशी गाडी माल भरलेला असताना जवळच्या पंक्चरवाल्याच्या पुढे नेऊ नये.