मिरकरवाडा, राजिवडा आणि प्रवेश अर्जातला एक रकाना

जून उजाडला की आमच्या शाळेत वडील लोक स्वतः येतात. एरवी मुलांच्या अम्मीच येतात, कारण वडील समुद्रावर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी शाकारून ठेवलेल्या असतात आणि माणसं घरी. तेव्हा प्रवेश अर्ज भरताना 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात काय लिहितात? 'मजुरी'. विचारलं तर म्हणतात, "सर, बोटीवर जातो. पण ते काय लिहायचं?"

मला हे दरवर्षी खटकतं. रत्नागिरी म्हटलं की लोकांना हापूस आणि थिबा राजवाडा आठवतो. पण या शहराचा मोठा बाजार मासळीवर चालतो, आणि त्यात मिरकरवाडा, भाट्ये खाडीकाठचा राजिवडा, तिकडे साखरतर अशा मोहल्ल्यांच्या पिढ्या गेल्यात. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्येही इथल्या मुस्लिम मच्छिमारांची नोंद 'दालदी' या नावाने आहे. म्हणजे इंग्रजाने लिहून ठेवलं, आपणच लिहीत नाही!

बोटीचा हिशेब बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. फेरीत जी मासळी मिळते तिच्या विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, रेशन यांचा खर्च वजा होतो. उरलेल्यात मालकाचा वाटा, मग तांडेलाचा, मग खलाशांचा. वाटे बोटीगणिक बदलतात. कुठे महिन्याचा पगारही असतो. बांगडा, तारली भरपूर लागली तर घरात ईद. जाळं रिकामं आलं तर खर्चही अंगावर. पर्ससीनवाल्यांचा हंगाम तर सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच. मग पावसाळ्यात मालकाकडून उचल घ्यायची आणि पुढच्या हंगामात फेडायची. मुलगा नववी-दहावीत बोटीवर का जातो, त्याचं उत्तर पुष्कळदा या उचलीत असतं. मग आम्ही शिक्षक 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा मारून मोकळे होतो.

बायकांचं काम तर कुठल्याच रकान्यात नाही. पहाटे लिलावातून मासळी उचलणं, टोपली घेऊन बाजारात बसणं, सुकट वाळवणं, कोळंबी सोलणं. अर्जात मात्र 'गृहिणी'.

लिहिण्याने काय फरक पडतो? माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील बोटीवरून पडून गेले. दुसऱ्याच्या बोटीवर होते, मच्छिमार म्हणून कुठे नोंदच नव्हती. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नोंदणीकृत मच्छिमाराच्या अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपयांचं विमा संरक्षण आहे, हप्ता सरकार भरतं. त्या घराला त्यातलं काही मिळालं नाही. मुलगा पुढच्या महिन्यात शाळेतून गेला. शाळेच्या अर्जावर 'मच्छिमार' लिहिल्याने विमा मिळत नाही, हे खरं. त्यासाठी मच्छिमार सहकारी संस्थेत किंवा मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन नाव आहे का ते पाहावं लागतं. पण ज्याला कागदावर आपलं काम लिहायची लाज वाटते, तो तिथे जाणार कधी?

शेतकऱ्यांचं किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छिमारांनाही खुलं झालंय. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा, पण माहिती तरी असावी.

आणि एक. शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, राजिवड्यापासून रिक्षाने जाण्याएवढं जवळ. बारावी सायन्सनंतर चार वर्षांची पदवी मिळते. ज्या पोराला वाऱ्यावरून पाणी कळतं, त्याला तिथलं निम्मं आधीच येत असतं असं मला वाटतं. तरी माझ्या वर्गातून आजवर एकच मुलगा तिथे गेला. त्याच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात त्याच्या अब्बांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: तांडेल.