आधी हवा निघते, मग पाणी शिरतं

आजोळच्या पायऱ्यांच्या विहिरीवर पहिल्यांदा पाणी भरायला गेले, तेव्हा मी घागर तोंड खाली करून पाण्यात दाबली होती. दोन्ही हातांचा जोर लावला तरी ती उसळी मारून वर येई आणि बाहेर काढली की आत थेंबभर पाणी नसे, नुसता गळा ओला. मामी म्हणाली, "अगं, तिरपी कर. आतली हवा निघाल्याशिवाय पाणी शिरेल कुठून?" घागर कलती केली, काठाशी मोठाले बुडबुडे फुटले आणि बुडुक बुडुक करत ती जड झाली. पुढे शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना पाणबुडीचा विषय मी कायम या घागरीपासून सुरू केला.

मुलांचा ठरलेला प्रश्न असायचा : पाणबुडी बुडताना पाण्याने भरते ती टाकी जितकी खोल, तितका पाण्याचा दाब जास्त, म्हणजे ती तितकी भराभर भरणार ना? दर १० मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असे. पण टाकी किती भरेल आणि किती वेगाने भरेल, हे नुसत्या खोलीवरून ठरत नाही. भोकाच्या अलीकडे आणि पलीकडे दाबात फरक किती, हे पाहावं लागतं.

लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. तिचं बूड कापून टाका, झाकण घट्ट लावा आणि कापलेली बाजू खाली ठेवून ती बादलीत सरळ दाबा. काठ २० सेंटिमीटर खाली गेला तरी आत पाणी जेमतेम ४ मिलिमीटर चढतं. अडकलेली हवा तेवढ्यानेच बाहेरच्या दाबाची बरोबरी करते, आणि बरोबरी झाली की पाण्याला आत ढकलणारं काही उरत नाही. हीच बाटली समुद्रात १० मीटर खोल नेली तर हवा निम्म्या जागेत मावेल, ३० मीटरवर पाव जागेत. खोल जाल तसं पाणी जास्त शिरेल, तरी हवा कुठेतरी दबून बसलेलीच राहील. आता बादलीतल्या बाटलीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा निघते, बोटांना झुळूक लागते आणि पाणी झरझर वर चढतं.

पाणबुडीच्या मुख्य बॅलास्ट टाक्या म्हणजे हीच बाटली. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये स्कॉर्पीन जातीच्या ६ पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यांतली पहिली, 'कलवरी', १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. अशा पाणबुड्यांच्या बॅलास्ट टाक्यांच्या तळाशी पाण्याला ये-जा करायला भोकं असतात आणि माथ्यावर हवा सोडायच्या झडपा, म्हणजे व्हेंट. पाणबुडी तरंगत असते तेव्हा व्हेंट बंद असतात आणि अडकलेली हवा पाण्याला थोपवून धरते. बुडी मारायची म्हणजे व्हेंट उघडायचे.

इथे एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. टाकी ३ मीटर उंच आहे, पूर्ण पाण्याखाली आहे आणि हवेने भरलेली आहे, असं धरू. आतल्या हवेचा दाब तळाच्या भोकापाशी असलेल्या पाण्याइतका असतो. माथ्यावर बाहेरचं पाणी ३ मीटर उथळ, म्हणून तिथला दाब सुमारे ०.३ वातावरणाने कमी. व्हेंट उघडला की हवा या फरकाने बाहेर पडते. टाकी ५ मीटर खोल असो की ५० मीटर, सुरुवातीचा हा फरक तेवढाच! उलट खोलवरची हवा दाट असल्याने व्हेंटमधून जरा संथच निघते. शिवाय आतबाहेर दाब जवळपास सारखा असल्याने या टाक्यांचे पत्रे माणसं राहतात त्या आतल्या कवचाइतके जाड ठेवावे लागत नाहीत.

मुलांचं म्हणणं खरं ठरतं ते टाकीतल्या हवेचा दाब पृष्ठभागावरच्या हवेइतकाच राहिला तर. समजा, टाकीतून एक नळी थेट पाण्याबाहेर काढली आहे. मग १० मीटर खोलीवर तळाच्या भोकातून पाणी सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने घुसतं, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. ४० मीटरवर वेग दुप्पट होतो. खोली चौपट, वेग दुप्पट.

खोलीचा खरा जाच होतो तो टाकी रिकामी करताना. दीड मीटर लांब नळीचं टोक हौदाच्या तळाशी सोडून मी मुलांना फुंकायला सांगे. गाल फुगून लाल होत, पण खालून बुडबुडा काही निघत नसे. पाणबुडी दाबून भरलेल्या हवेच्या बाटल्या वापरते. अशी एक घनमीटरची बाटली २५० वातावरणांच्या दाबाने भरलेली असेल, तर १० मीटर खोलीवर तिच्यातून ढोबळमानाने १२४ घनमीटर पाणी बाहेर ढकलता येतं. ३०० मीटरवर तीच बाटली सुमारे ७ घनमीटरला पुरते.

आणि वेगाने प्रसरण पावणारी हवा गार होते. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची 'थ्रेशर' ही पाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत १२९ जणांसह बुडाली. त्यानंतर तिच्याच जातीच्या, धक्क्याला बांधलेल्या दुसऱ्या पाणबुडीवर टाक्यांत हवा सोडून पाहिली, तेव्हा हवेतल्या ओलाव्याचा बर्फ नळ्यांमधल्या गाळण्यांवर साचला आणि हवेची वाट काही सेकंदांतच बंद झाली.