चरबी कमी, मांस जास्त

मांसाच्या दुकानात गिऱ्हाईक चरबी कमी असलेला तुकडा मागते. ही साधी मागणी अखेर डुकराच्या खाद्यापर्यंत जाऊन पोहोचते. कशी, ते आज पाहू.

वाढत्या वयात डुकराचे स्नायू भराभर वाढतात. वजन शंभर किलोकडे झुकू लागले की चरबीचा वाटा वाढतो. स्नायूत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, तर चरबीत ते अगदी थोडे. त्यामुळे एक किलो मांसापेक्षा एक किलो चरबी तयार व्हायला कितीतरी जास्त खाद्य लागते. वराहपालकाला म्हणूनच शेवटचे काही आठवडे महाग पडतात.

नेमक्या याच काळात खाद्यात रॅक्टोपामिन मिसळतात. अमेरिकेत डुकरांसाठी त्याला १९९९ मध्ये परवानगी मिळाली. मात्रा किती? एक टन खाद्यात साधारण ५ ते १० ग्रॅम!

आपण घाबरलो की शरीरात ॲड्रेनलिन स्रवते आणि छाती धडधडू लागते. रॅक्टोपामिनची रचना त्याच्याशी मिळतीजुळती आहे. ॲड्रेनलिनची किल्ली पेशींवरच्या ज्या कुलपांना लागते, त्यांनाच हीसुद्धा लागते. मग चरबीचा साठा करण्याचे काम मंदावते आणि स्नायूंत प्रथिने बनण्याला वेग येतो. स्नायूंचे तंतू जाड होतात. मात्र प्रथिनांचा कच्चा माल खाद्यातूनच यावा लागतो. तो कमी पडला तर औषधाचा उपयोग होत नाही. शिवाय काही आठवड्यांनी पेशींना त्याची सवय होते आणि परिणाम ओसरतो.

याची किंमत जनावर मोजते. हृदयाचे ठोके वाढतात, हाताळताना ते बिथरते, कधी वाटेतच थकून बसते. अमेरिकेत औषधाच्या वेष्टनावरच तसा इशारा छापलेला असतो.

याच कुळातले क्लेनब्युटेरॉल अधिक जहाल आहे. ते शरीरात जास्त काळ टिकते आणि यकृतात साठून राहते. शांघायमध्ये २००६ साली असे मांस खाऊन तीनशेहून अधिक लोकांना बाधा झाली. धडधड, हातांना कंप, चक्कर अशी ही लक्षणे. म्हणजे डुकराला दिलेले औषध माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचले होते.

रॅक्टोपामिन त्यामानाने लवकर शरीराबाहेर पडते. तरीही त्यावर जगाचे एकमत नाही. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २०१२ मध्ये एका किलो मांसात १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, तीही ६९ विरुद्ध ६७ मतांनी. युरोपीय संघ आणि चीन यांनी मात्र बंदी कायम ठेवली आहे.

मांसावरचा चरबीचा पांढरा थर गिऱ्हाइकाला दिसतो, औषधाचा अंश दिसत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून कमी चरबीचा आग्रह धरणाऱ्याने ती कशाने कमी झाली, हेही विचारायला हवे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)