इलेक्ट्रिक कुकर घ्यायचा का? आधी घड्याळ लावा, मग पाकीट उघडा



घरून डबे सुरू करणाऱ्यांचा मला हमखास येणारा प्रश्न असा : "सर, तो इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेऊ का? त्यात सगळं पटापट होतं म्हणतात." व्हिडिओत मी तो चालवून दाखवलाय. पण कॅमेऱ्यासमोर हिशोब नीट मांडता येत नाही, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हा कुकर गॅसवरच्या कुकरपेक्षा फास्ट नाही. उलट बऱ्याचदा हळू आहे. तरीही काही जणांनी तो जरूर घ्यावा आणि काहींनी अजिबात घेऊ नये. तुम्ही कोणत्या गटात आहात, हे लेख संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

पोळीपाशी अडलेला धंदा

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. रोज 18 डबे. प्रत्येक डब्यात चार पोळ्या, भाजी, वरण, भात. पहाटे पाचला उठायच्या आणि साडेआठला डबे बाहेर. डब्यांची मागणी वाढत होती, पण त्या नवीन गिऱ्हाईक घेत नव्हत्या. म्हणाल्या, "सर, आता अजून एक डबा वाढला तर मी धंदाच बंद करीन."

मी त्यांना एकच काम दिलं. तीन दिवस कोणत्या कामाला किती मिनिटं लागतात ते लिहून आणा. आकडे आले. 18 गुणिले 4 म्हणजे 72 पोळ्या. एक पोळी लाटून भाजून सव्वा मिनिट धरलं तर झाली 90 मिनिटं. ही 90 मिनिटं कुठलाही कुकर वाचवू शकत नाही. पण त्यांना प्रत्यक्षात लागत होते दोन तास. मधली 30 मिनिटं कुठे गेली?

ती गेली उठबशीत. वरणाच्या शिट्ट्या मोजायच्या, मग गॅस बारीक करायचा. भाताचा कुकर उतू जातोय का बघायचं. हात पिठाचे, ते धुवायचे, परत पुसायचे. तोवर तवा तापून पोळी करपते, ती बाजूला काढायची. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं, आणि असं दहा-बारा वेळा.

इलेक्ट्रिक कुकरचा फायदा नेमका इथे आहे. एकदा झाकण लावून बटण दाबलं की त्याच्याकडे बघावं लागत नाही. तो स्वतः तापतो, प्रेशर धरतो, वेळ मोजतो आणि बंद होतो. स्वयंपाकाची मिनिटं तेवढीच राहतात, तुमचं लक्ष मात्र मोकळं होतं. धंद्यात विकत घ्यायची गोष्ट ही आहे.

हा कुकर चालतो कसा?

गॅसवरच्या शिट्टीवाल्या कुकरमध्ये प्रेशर साधारण 15 पीएसआयपर्यंत जातं आणि आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास पोचतं. घरगुती इलेक्ट्रिक कुकर बहुतेक 10 ते 12 पीएसआयवर चालतात, म्हणजे 115-117 अंश. म्हणून त्याच डाळीला इथे थोडी जास्त मिनिटं लागतात.

दुसरं, याला शिट्टी नाही. सुरुवातीला सगळे इथेच गोंधळतात. तुम्ही 12 मिनिटं लावता आणि पंधरा मिनिटांनी बघता तर आकडा अजून 12 वरच! मशीन बिघडलेलं नसतं. आत पुरेसं प्रेशर झाल्यावरच वेळ मोजायला सुरुवात होते. भांडं भरलेलं असेल तर प्रेशर यायलाच 15-20 मिनिटं लागतात. त्यामुळे वेळ अशी मोजा :

प्रेशर यायला 20 + शिजायला 12 + प्रेशर आपोआप उतरायला 15 = 47 मिनिटं.

गॅसवर हेच काम अर्ध्या तासात होतं. म्हणूनच म्हटलं, वेगासाठी घेऊ नका.

तिसरी गोष्ट पाण्याची. शिट्टीबरोबर वाफ बाहेर जाते, इथे ती आतच राहते. म्हणून गॅसच्या कुकरला घालता त्यापेक्षा पाणी कमी घाला. भाताला एक वाटी तांदळाला एक ते सव्वा वाटी पाण्यापासून सुरुवात करा आणि तांदूळ जुना-नवा बघून वाढवा.

"किती शिट्ट्या" विसरा, मिनिटं लिहा

हाय प्रेशरची ही मिनिटं सुरुवात म्हणून धरा :

- तूरडाळ, अर्धा तास भिजवलेली : 10 ते 12
- भात, थेट भांड्यात : 5 ते 6
- मध्यम आकाराचे अख्खे बटाटे : 10 ते 12
- मोड आलेली मटकी : 2
- रात्रभर भिजवलेले छोले : 20
- रात्रभर भिजवलेला राजमा : 25 ते 30

तुमचं पाणी जड असेल, कडधान्य जुनं असेल तर आकडा बदलेल. पहिले पंधरा दिवस कुकरशेजारी वही ठेवा : काय शिजवलं, किती, पाणी किती, मिनिटं किती, कसं झालं. पंधरा दिवसांनी तुमच्याकडे तुमच्या घरचा तक्ता तयार असेल. उद्या मदतनीस ठेवली तर ती त्या तक्त्यावर काम करू शकते. "अंदाजाने घाल गं" यावर धंदा वाढत नाही.

राजम्याबद्दल एक कडक सूचना. मल्टीकुकरमध्ये "स्लो कुक" नावाचं बटण असतं. त्यावर राजमा कधीही शिजवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळून उकळल्यावरच नष्ट होतो. मंद आचेवर तो जात नाही आणि खाणाऱ्याला उलट्या-जुलाब होऊ शकतात. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि प्रेशरवरच शिजवा.

6 लिटर म्हणजे 6 लिटर नाही

खोक्यावर 6 लिटर लिहिलेलं असतं. पण डाळ, तांदूळ, कडधान्य हे फुगणारे, फेस करणारे पदार्थ. ते भांड्याच्या अर्ध्यापर्यंतच भरायचे. बाकी पदार्थ दोन तृतीयांशपर्यंत. म्हणजे डाळीसाठी तुमच्या हातात आहेत फक्त 3 लिटर.

आता ताईंचा हिशोब लावू. एका डब्यात 150 मिली वरण, 18 डबे, म्हणजे 2.7 लिटर. बसतं, पण काठोकाठ. त्यावर युक्ती अशी : 600 ग्रॅम डाळ 1.8 लिटर पाण्यात घट्ट शिजवा आणि नंतर गरम पाणी घालून घोटून सारखी करा. आतलं भांडंही मोकळं, वरणही पुरेसं.

तुमचे डबे 40 असतील तर? मग हा कुकर तुम्हाला दोनदा लावावा लागेल आणि सगळा फायदा जाईल. तुम्ही 12 लिटरचा साधा कुकर घ्या. तो स्वस्तही पडेल. हे ऐकायला चांगलं वाटत नाही, पण चुकीचं मशीन घेऊन माळ्यावर टाकण्यापेक्षा बरं.

माझी पहिल्या दिवशीची फजिती

मी पहिल्यांदा केला तेव्हा मोठ्या उत्साहाने "सॉटे"वर फोडणी दिली, कांदा-टोमॅटो परतला, त्यावर डाळ, थोडं पाणी, झाकण. दहा मिनिटांत मशीन ओरडायला लागलं, स्क्रीनवर "बर्न". बुडाला मसाला चिकटला होता, तळ जास्त तापला आणि मशीनने गरम करणं थांबवलं. डाळ अर्धी कच्ची आणि वास करपलेला. घरचं जेवण होतं म्हणून निभावलं. डबे असते तर 18 गिऱ्हाइकांना काय सांगितलं असतं?

उपाय सोपा आहे. परतून झालं की आधी थोडं पाणी घाला, लाकडी उलथन्याने तळ पूर्ण खरवडून मोकळा करा, मगच बाकीचं घाला. धंद्यासाठी तर मी म्हणेन, डाळ नुसती शिजवा आणि फोडणी गॅसवर वेगळी द्या. पिठलं, घट्ट रस्सा असं काही यात प्रेशरवर लावू नका. ते कढईचंच काम.

रोज बघायच्या पाच गोष्टी

1. रबर बसलंय का? झाकणाचं रबर धुवायला काढलं आणि लावायला विसरलं तर प्रेशर कधीच येत नाही, नुसती वाफ जाते. सकाळी सहाला हे कळणं महागात पडतं. रबराला मसाल्याचा वास धरतो. खीर, गोडाचं काही करणार असाल तर त्यासाठी वेगळं रबर ठेवा.
2. वाफेचा व्हॉल्व्ह बंद आहे ना? आणि त्याच्या खालची जाळी रोज धुवा. डाळीचा फेस तिथे अडकतो.
3. डाळीची वाफ एकदम सोडू नका. फेसाळ पाणी कारंज्यासारखं उडतं. 15 मिनिटं आपोआप उतरू द्या. वाफ सोडताना तोंड आणि हात दूर, आणि कुकर कपाटाखाली नको.
4. पिन खाली गेल्याशिवाय झाकण उघडू नका. पिन वर म्हणजे आत प्रेशर आहे. वीज गेली तरी प्रेशर लगेच जात नाही, त्यामुळे तेव्हाही जोर लावायचा नाही.
5. बोर्डावर किती ओझं आहे? 1000 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत. एकटा कुकर चालतो. पण त्याच एक्स्टेन्शनवर इंडक्शन आणि मिक्सर लावाल तर वायर तापेल. कुकर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा.

आणि जुना कुकर मोडीत काढू नका. वीज कधीही जाऊ शकते आणि डबा साडेआठलाच जायचा असतो.

एक अजून. शिजल्यावर कुकर "कीप वॉर्म"वर जातो. चालू असेपर्यंत अन्न गरम राहतं. पण बंद करून तसंच तासन्‌तास ठेवू नका. विशेषतः भात कोमट राहिला की बिघडतो, आणि परत गरम करून तो सुरक्षित होईलच असं नाही. गरम अन्न 60 अंशांच्या वर ठेवायचं किंवा लवकर थंड करून फ्रिजमध्ये, हा साधा नियम.

आता पैशाचा हिशोब

वीज किती? 1000 वॅटचा कुकर 20 मिनिटं सलग तापला तर युनिटचा तिसरा हिस्सा. पुढे प्रेशर टिकवायला तो अधूनमधून चालू-बंद होतो. म्हणजे एका खेपेला अर्ध्या युनिटच्या आत काम होतं. तुमच्या बिलावरचा दर बघा आणि गुणाकार करा.

कुकरची किंमत? समजा 8,000 रुपये. वाचलेल्या अर्ध्या तासात ताई चार डबे जास्त करू शकल्या आणि डब्यामागे सगळा खर्च जाऊन 25 रुपये उरले. रोजचे 100 रुपये, महिन्याचे 26 दिवस धरले तर 2,600. तीन महिन्यांच्या थोडं वर कुकर फिटला. पण चार नवीन गिऱ्हाइकं नसतील तर? मग पैसे सुटणार नाहीत, अर्धा तास जास्त झोप मिळेल. तीही किमतीची आहे, पण ती गुंतवणूक म्हणून वहीत लिहू नका. खर्च म्हणून लिहा.

कागदपत्रांचं दोन ओळीत : अन्न विकायचं तर घरून असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान व्यावसायिकांसाठी बेसिक नोंदणी आहे, ऑनलाइन होते. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, त्यासाठी व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. विजेच्या जोडणीबद्दलही आपल्या वीज कंपनीच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

ताईंनी काय केलं?

त्यांनी लगेच घेतला नाही. आधी नणंदेकडचा कुकर आठवडाभर उसना आणला. रोज सव्वापाचला डाळ लावायची आणि तव्यापुढे बसायचं. सहाच्या सुमारास डाळ तयार, मधे एकदाही उठायचं नाही. भात गॅसवरच ठेवला, पण तो पोळ्या झाल्यावर. आठव्या दिवशी वही दाखवली : पोळ्या 95 मिनिटांत. मग चार गिऱ्हाइकांना "हो" म्हणून त्यांनी स्वतःचा कुकर घेतला.

तुम्हीही हाच क्रम ठेवा. उद्या सकाळपासून तीन दिवस घड्याळ लावा आणि किती वेळा तव्यापुढून उठलात ते लिहा. दहाच्या वर आकडा आला आणि दारात गिऱ्हाईक उभं असेल, तर कुकर घ्या. नाहीतर ते पैसे राहू द्या, डाळ-तांदूळ घाऊक भावात घ्यायला उपयोगी पडतील.

भेटू पुढच्या भागात!