व्हीलचेअर निघाली हुरड्याला!

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो तो हुरड्याचा. कुणा ना कुणाचं शेत जालन्याकडे असतंच. बदनापूर, अंबड, भोकरदन, परतूर, काहीही चालेल! शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सकाळी आगटीभोवती बसायचं, गरम कणसं तळहातावर चोळून खायची, जोडीला शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ आणि रविवारी रात्री परत. धडाधड 'डन'चे मेसेज येतात. एकाचा मात्र येत नाही. हा बॉस अकाउंट्समध्ये बसतो, कॅन्टीनमधले सगळ्यात भारी जोक त्याचेच असतात, आणि तो व्हीलचेअर वापरतो.

त्याला कुणी नको म्हटलेलं नसतं. उलट 'अरे चल की, आम्ही उचलून नेऊ' असं अख्खा ग्रुप म्हणतो. आणि नेमकं हे ऐकूनच त्याला शनिवारी घरी काम निघतं.

उचलून नेण्यात वाईट काय? जरा कल्पना करा. चौघांनी तुम्हाला खुर्चीसकट उचललंय, त्यातल्या एकाचा पाय ढेकळावरून सरकतोय, तुमचा जीव वरखाली होतोय. एकदा खाली ठेवलं की दिवसभर तुम्ही तिथेच. बाकीचे विहीर बघायला जाणार, मोसंबीच्या बागेत फोटोसेशन करणार, आणि तुम्ही सगळ्यांच्या बॅगा सांभाळणार. पुन्हा उचला म्हणायला जीभ रेटत नाही. असा वीकेंड एकदा अनुभवला की दुसऱ्यांदा घरी काम निघणारच ना?

आपण मात्र ट्रेकला जायचं म्हटलं की शूज, सॅक, रेनकोट, हेडलॅम्प असं सगळं दोन-दोन आठवडे रिसर्च करून घेतो. शेतात जाणाऱ्या व्हीलचेअरलाही गिअर लागतो, हे डोक्यातच येत नाही.

व्हिलन आहे पुढचं चाक

हॉस्पिटलात, विमानतळावर दिसते ती नेहमीची घडीची व्हीलचेअर आठवा. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन चिमुकली. फरशीवर ही छोटी चाकं गर्रकन वळतात, म्हणून लिफ्टमध्ये, डेस्कखाली खुर्ची आरामात फिरते. शेतात हीच चाकं घात करतात. लहान चाक खड्ड्यावरून जात नाही, खड्ड्यात जातं. ते रुतलं की मागून कितीही जोर लावा, खुर्ची पुढे जाण्याऐवजी बसलेला माणूस तोंडावर येतो.

त्यात जालन्याची काळी माती! पावसाळ्यात ती चाकाला लागते, चाकावरून हाताला लागते आणि चार फुटांत सगळं जाम. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पुढचं चाक अख्खं आत जावं. म्हणजे मधले थंडीचे महिने आपले. जमीन घट्ट असते, ऊन सोसवतं आणि ज्वारीही हुरड्यात आलेली असते. टायमिंग एकदम परफेक्ट.

आता यावरचा उपाय ऐका. पाय ठेवायच्या पट्टीला एक मोठं तिसरं चाक क्लॅम्पने अडकवायचं. ते अडकवलं की पुढची दोन्ही छोटी चाकं जमिनीपासून उचलली जातात आणि खुर्ची तीनचाकी होते. ढेकूळ, खडी, गवत, पाणंद, सगळ्यावरून जाते. परत आल्यावर चाक काढून मागे लटकवायचं. परदेशात हे चाक 'फ्रीव्हील' या नावाने विकलं जातं. फक्त घडीच्या खुर्चीला ते बसवायला वेगळा जोड लागतो, हे आधी बघून घ्या.

मोटर हवी असेल तर आपल्याकडेच सोय आहे. आयआयटी मद्रासमध्ये जन्मलेल्या 'निओमोशन' या स्टार्टअपने २०२१ साली 'निओबोल्ट' आणलं. तीच तिसऱ्या चाकाची आयडिया, पण बॅटरीवर चालणारी, ताशी २५ किलोमीटरपर्यंत. 'निओफ्लाय' ही मापाने बनवलेली व्हीलचेअर आणि तिला जोडायचं हे इंजिन. लाँचच्या वेळी खुर्ची ३९,९०० रुपयांना आणि जोड ५५,००० ला होता. स्वस्त नाही, कबूल. पण ग्रुपमधल्या किती जणांच्या बाईक याहून महाग आहेत, ते एकदा मोजा.

गावासाठी बनली, अमेरिकेत गेली

आता एक भन्नाट गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एमॉस विंटर नावाच्या इंजिनिअरने एक व्हीलचेअर डिझाईन केली. गरीब देशांतल्या कच्च्या रस्त्यांसाठी. खुर्चीला दोन्ही बाजूंना दोन दांडे. चाक हाताने फिरवायचं नाही, वल्ही मारावीत तसे दांडे पुढे ढकलायचे. दांडा वरच्या टोकाला धरला की ताकद जास्त मिळते, म्हणजे चढ आणि चिखलासाठी. खाली धरला की स्पीड, म्हणजे डांबरी रस्त्यासाठी. गिअर बदलायची भानगड नाही, फक्त हात वरखाली करायचा! घरात शिरताना दांडे काढून ठेवायचे. आणि सगळ्यात डोकेबाज भाग म्हणजे चेन, दातेरी चक्र, बेअरिंग सगळं साध्या सायकलचं. गावातल्या कुठल्याही सायकलवाल्याकडे दुरुस्त व्हावं म्हणून.

या खुर्चीच्या चाचण्या पूर्व आफ्रिकेत, ग्वाटेमालात आणि भारतातही झाल्या. भारतात जयपूर फूटवाल्या संस्थेबरोबर. पुढे त्याच टीमने 'ग्रिट' नावाची कंपनी काढली आणि तीच कल्पना अमेरिकेत 'फ्रीडम चेअर' म्हणून विकायला घेतली. ट्रेकिंग करणारे, बीचवर जाणारे, शिकारीला जाणारे लोक ती काही हजार डॉलर मोजून घेतात. आपल्या पाणंदीसाठी विचार करून बनवलेली वस्तू तिकडे वीकेंडचं खेळणं झाली, आणि आपल्या पाणंदीवर आजही हाताने फिरवायची तीनचाकी सायकलच दिसते.

त्या सायकलला नावं मात्र ठेवू नका. कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कंपनीची ही ट्रायसिकल केंद्राच्या योजनेतून गावोगाव पोचली आहे. जड आहे, वळायला अंगण लागतं, घरात शिरत नाही. पण मोठ्या चाकांमुळे खडीवरून ती ऑफिसच्या चकाचक व्हीलचेअरपेक्षा बरी चालते, आणि पंक्चर निघालं तर चौकातला पंक्चरवाला 'पार्ट मागवावा लागेल' असं म्हणत नाही.

पंक्चरवरून आठवलं. मराठवाड्यात वेडी बाभूळ नाही असा बांध शोधून दाखवा. हवेचे टायर शेतात मऊ चालतात पण काट्याला बळी पडतात, भरीव टायरला काट्याची फिकीर नाही पण हाडं खिळखिळी होतात. मधला मार्ग म्हणजे हवेचे टायर, सोबत एक जादा ट्यूब आणि पंप. हातात सायकलिंगचे ग्लोव्हज हवेतच. चाक फिरवायची कडी दुपारी चटके देते आणि ब्रेक म्हणजे शेवटी स्वतःचे तळहातच असतात.

डिकीत सिलिंडर, मग खुर्ची कुठे?

शेतावर पोचायच्या आधी शेतापर्यंत पोचायला लागतं. ग्रुपमधली निम्मी गाड्या सीएनजीवाल्या आणि डिकीत सिलिंडर! मागची चाकं बटण दाबून निघणारी खुर्ची असेल तर ती मागच्या सीटवर मावते, नाहीतर एक गाडी पेट्रोलची घ्या. साइड व्हीलवाली स्कूटर घेऊन येणारा मित्र असेल तर त्याला समृद्धी महामार्ग बंद आहे, तिथे दुचाकी-तीनचाकी चालत नाहीत. त्याच्यासोबत जुन्या रस्त्याने जा, ढाबेही तिकडेच चांगले आहेत.

आणि पायऱ्या. शेतावरच्या घराला दोन तरी असतातच. रॅम्पचं गणित सोपं आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. फळी टाकून 'हो जाएगा' म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याचं ऐकू नका. सळयांच्या कारखान्यांसाठी देशभर नाव असलेल्या जालन्यात दोन तुकड्यांचा लोखंडी रॅम्प करून देणारा फॅब्रिकेटर मिळायला वेळ लागू नये.

जे कुणी बोलत नाही

टॉयलेट. हो, हाच खरा डीलब्रेकर. ढाब्यावरच्या टॉयलेटला एक उंच पायरी, आत भारतीय बैठक आणि दार खुर्चीपेक्षा अरुंद. म्हणून अनेक जण, विशेषतः मुली, आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात दिवसभर पाण्याविना राहायचं आणि मग सोमवारी लघवीचं इन्फेक्शन घेऊन सुट्टी टाकायची! घडीची कमोड खुर्ची आणि कपडे बदलायचा झटकन उघडणारा छोटा तंबू, एवढं सामान डिकीत असेल तर हा प्रश्न शेतात ढाब्यापेक्षा सोपा होतो. कॅथेटर वापरणाऱ्याला स्वच्छ पाणी, साबण आणि आडोसा लागतो. हे विचारायला लाजू नका, पण ग्रुपवर विचारू नका.

दुसरी गोष्ट आगटीची. ज्याला पोलिओ झालाय त्याच्या पायांना संवेदना पूर्ण असते. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना मात्र कमरेखाली चटका कळत नाही. आगटीजवळ बूट तापला, पाय भाजला तरी पत्ता लागत नाही, लागतो तो रात्री मोजे काढताना. म्हणून गरम कणसांचं ताट मांडीवर ठेवायचं नाही, खाली फळी हवी. हाच नियम ऑफिसात तापलेल्या लॅपटॉपलाही लागू आहे. इजा मानेजवळ असेल तर इजेच्या खाली घामही नीट येत नाही, अंग तापत जातं. पाण्याची फवारणी बाटली आणि सावली ही अशा माणसासाठी चैन नाही, औषध आहे. आणि जालन्याची जानेवारीतली रात्र अंगावर येते, तेव्हा पायांवर घोंगडी.

तिसरं, गादी. एकाच जागी तासन् तास बसल्याने कातडीला होणारी जखम भरायला कधी कधी महिने लागतात. हवेच्या किंवा जेलच्या गादीवर बसणारा मित्र पुण्याहून जालन्यापर्यंत गाडीच्या साध्या सीटवर बसला तर सगळं मुसळ केरात. गादी गाडीतही हवी, आणि थोड्या थोड्या वेळाने अंग उचलून घेण्यासाठी गाडी थांबवावी लागते. चहाचे ब्रेक वाढतील, कुणाची तक्रार नसावी.

शिकार, पण क्लिकची

अमेरिकेत व्हीलचेअरवरच्या शिकाऱ्यांसाठी अख्खी बाजारपेठ आहे. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या खुर्च्या, खुर्चीला लावायचा बंदुकीचा स्टँड, आणि हात न चालणाऱ्यासाठी चक्क नळीत फुंकर मारली की ओढला जाणारा ट्रिगर! आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा खेळ बंद केला, ते बरंच झालं. पण बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवून बघा, सगळा गिअर जसाच्या तसा कामाचा. खुर्चीच्या दांड्याला क्लॅम्पवर लेन्स, किंवा त्याहून स्वस्त म्हणजे तांदूळ भरलेली कापडी पिशवी हातावर ठेवायची आणि लेन्स तिच्यावर. पाणपक्ष्यांच्या नजरेच्या पातळीवरून फोटो मिळावा म्हणून उभे फोटोग्राफर चिखलात पोटावर झोपतात. खुर्चीवरचा माणूस आधीच निम्म्या उंचीवर असतो! जालन्याजवळ निजामकालीन घाणेवाडीचा तलाव आहे, आणि दोन दिवस हातात असतील तर पैठणजवळचं जायकवाडी, तिथे थंडीत फ्लेमिंगोही येतात.

नेमबाजीच करायची असेल तर ती रेंजवर. अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये व्हीलचेअरवरूनच सुवर्ण घेतलं. कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला. हातांनी रायफलचं वजन न पेलणाऱ्यांच्या गटात रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर ठेवायची परवानगी असते. आणि आपल्या मराठवाड्यातली, नांदेडची भाग्यश्री जाधव, जिने २०२४ ला पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर भारताचा झेंडा धरला, ती गोळा फेकते तो जमिनीला बांधलेल्या एका आसनावरून. गादीसकट त्याची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. म्हणजे पदकाच्या मागेही शेवटी कुणीतरी फॅब्रिकेशन केलेलं असतंच.

त्या रणगाडाछाप खुर्च्या भारतात आणायच्या का? गरज वाटत नाही. त्यांची दुसरी आयडिया मात्र ढापण्यासारखी आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या स्टाँटन पार्कने २०१७ पासून अशा खुर्च्या पर्यटकांना फुकट वापरायला द्यायला सुरुवात केली. आधी बुकिंग करायचं, आलात की खुर्ची तयार. महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून हुरडा पार्ट्यांचे फ्लेक्स वाढतच आहेत. बैलगाडी, झोके, रेन डान्स, सगळं असतं. एक जोडायचं मोठं चाक, एक लोखंडी रॅम्प आणि रुंद दाराचं एक टॉयलेट, एवढं ठेवणारं केंद्र असेल तर बुकिंग करताना तेच निवडा. नसेल तर फोनवर विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक अकराव्याला स्वतःहून सांगतो.

हुरडा साधारण जानेवारीअखेरपर्यंतच चांगला मिळतो, नंतर दाणा टणक होतो. चाक मागवायचं, ते खुर्चीला बसवून बघायचं आणि ऑफिसच्या पार्किंगमधल्या खडीवर दोन-चार फेऱ्या मारायच्या, एवढं व्हायला तीन-चार आठवडे धरा. तेव्हा ग्रुपवरचा मेसेज यंदा दिवाळीतच टाका.